संकर, वारसा आणि निअँडरथल मानव

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या काठी, खिदिरपूर नावाची जुनी वस्ती आहे. १८९२ मध्ये येथे मोठी गोदी सुरू झाली. परंतु त्यापूर्वी शंभर वर्षे येथे जहाजे बांधली जात होती. या वस्तीत ऑर्फनगंज नावाचा एक बाजार आहे. ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या व सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी १७८३ च्या सुमारास एक संस्था निघाली. अधिकाऱ्यांच्या मुलांची तिची वरिष्ठ शाळा प्रथम हावड्यास व पुढे खिदिरपुरातील एका प्रशस्त वाड्यात भरत असे. बाजाराच्या नावात तिची आठवण उरली आहे. या मुलांपैकी पुष्कळांचे वडील युरोपीय आणि आया भारतीय होत्या; त्यांतील कित्येकांच्या आया हयातही होत्या. मूल अनाथ ठरले ते बाप गेल्यामुळे. आईची गणती पालकांत होत नसे.

१७८६ मध्ये कंपनीने या वरिष्ठ शाळेतील मुलांना पुढील शिक्षणासाठी विलायतेस जाण्याची मनाई केली. १७९१ मध्ये, ज्याची आई वा बाप भारतीय आहे अशा कोणासही कंपनीची मुलकी, लष्करी व आरमारी नोकरी मिळणार नाही, असे ठरले. त्याच १७८६ साली जन्मलेला जेम्स कीड हा अलेक्झांडर कीड या अधिकाऱ्याचा भारतीय स्त्रीपासून झालेला मुलगा. तो खिदिरपूरच्या गोदीत जहाजबांधणी शिकला, पुढे गोदीचा मालक व कंपनीचा मुख्य जहाजबांधणीकार झाला. १८१८ मध्ये त्याने ७४ तोफांचे ‘हेस्टिंग्ज’ नावाचे जहाज पाण्यात सोडले. ते पुढे ब्रिटिश आरमाराने विकत घेतले. ज्या जहाजावर अधिकारी होण्यास तो नियमाने अपात्र होता, ते जहाज बांधण्यास मात्र तो पात्र होता!

निअँडरथल मानव व आधुनिक मानव यांच्या संमिश्रणाविषयी लिहिताना खिदिरपूरपासून आरंभ करण्यास कारण आहे. दोन भिन्न समूहांपासून झालेले मूल कोणाचे, त्याला कोणी वाढवावे आणि त्याची योग्यता काय, हे प्रश्न खिदिरपुरास जसे लागू होते तसेच पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या गुहांनाही लागू होते. फरक इतकाच की गुहेतील उत्तर कोणी कागदावर लिहून ठेवले नाही. ते आपल्या शरीरात लिहिलेले आहे.

आधी आपल्याच भाषेकडे पाहू. ‘संकर’ हा शब्द आपण दोन मनांनी वापरतो. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हापासून ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला, आणि चवीविषयी कुरकुर असली तरी कणसाच्या वजनाविषयी कोणाची तक्रार नव्हती. संकरित गाय अधिक दूध देते म्हणून शेतकरी ती आनंदाने पाळतो. मनुष्याच्या बाबतीत मात्र हाच शब्द भयाचा होतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला जी भये वाटतात त्यांत वर्णसंकराचे भय आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मिश्र संततीच्या जातींची भली मोठी यादी आहे आणि तीत बहुतेकांच्या वाट्यास हलकी कामे आली आहेत. कंपनीचा हुकूम व स्मृतीचा अध्याय यांत भाषा निराळी, पण समजूत एकच: मिसळण म्हणजे घसरण. युरोपातील विद्वानांनी निअँडरथल मानवाकडे दीर्घकाळ जे पाहिले ते याच नजरेने.

१८५६ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ निअँडरच्या खोऱ्यात चुनखडीच्या खाणीचे काम चालू असता मजुरांना एका गुहेत काही हाडे सापडली. ती अस्वलाची नसून फार प्राचीन मनुष्याची आहेत, हे ओळखले योहान कार्ल फुलरॉट या शाळामास्तराने. (शाळांसाठी लिहिताना ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो.) पुढील दीडशे वर्षांत निअँडरथल मानवाची चित्रे पाठ्यपुस्तकांत आली ती वाकलेल्या पाठीची, केसाळ, हाती सोटा घेतलेल्या रानटी प्राण्याची. हा मानव दगडाची सुबक हत्यारे घडवी, अग्नी वापरी, जखमी सोबत्यांना सांभाळी, हे पुरावे मागाहून जमत गेले. चित्र मात्र हटेना. अशा प्राण्याशी आपल्या पूर्वजांचा संबंध आला असेल ही कल्पनाच अनेकांना असह्य वाटे.

या वादाचा निकाल हाडांच्या आकाराने लागला नाही. हाडांत उरलेल्या डी.एन.ए.ने लागला. त्याची रीत समजण्यास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण फार उपयोगी आहे. तेथे १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. देशभरातील हस्तलिखिते जमवून पंडितांनी ती ओळीओळीने ताडून पाहिली. एका पोथीत लेखकाच्या हातून झालेला विशिष्ट प्रमाद दुसऱ्या पोथीतही आढळला, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे अनुमान निघते. आणि एखाद्या उत्तरेकडील पोथीत मध्येच दक्षिणेकडील परंपरेचे खास पाठ दिसले, तर तिच्या लेखकासमोर दोन्ही परंपरांच्या पोथ्या होत्या, असे मानावे लागते.

मनुष्याचा आनुवंशिक मजकूर म्हणजे सुमारे तीनशे कोटी अक्षरांची पोथी होय. पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होते आणि प्रत्येक नकलेत थोडे प्रमाद होतात. क्रोएशियातील विंडिया गुहेत सापडलेल्या हाडांतून स्वांते पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथल मानवाची पोथी जुळवली आणि मे २०१० मध्ये तिची तुलना आजच्या पाच माणसांशी करून प्रसिद्ध केली. दोघे आफ्रिकेतील, एक फ्रान्सचा, एक चीनचा आणि एक पापुआ न्यू गिनीचा. निअँडरथलांचे खास पाठ आफ्रिकेबाहेरील तिघांत अधिक आढळले. निअँडरथल मानव पापुआत कधीच राहत नव्हता. तेव्हा याचा सरळ अर्थ असा की आधुनिक मानवाच्या टोळ्या आफ्रिकेतून बाहेर पडल्यानंतर, पण जगभर पांगण्यापूर्वी, वाटेत हे संमिश्रण घडले. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या आनुवंशिक वारशात निअँडरथलांचा वाटा सुमारे २ टक्के आहे. आफ्रिकेतील लोकांतही त्याचा अल्पसा अंश आहे, हे २०२० मध्ये दिसून आले. तो परत फिरलेल्या प्रवाशांनी नेला असावा. पेबो यांस २०२२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांच्याच प्रयोगशाळेने १९९७ मध्ये केवळ आईकडून येणाऱ्या डी.एन.ए.चा छोटा भाग तपासला होता, आणि त्यात संमिश्रणाची काहीच खूण मिळाली नव्हती. पूर्ण पोथी हाती आल्यावर त्यांनी आपले मत बदलले.

संमिश्रण केव्हा झाले हेही सांगता येते. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे परक्या पूर्वजाकडून आलेला लांब तुकडा हळूहळू तुटत आखूड होतो. तुकडे जितके आखूड तितके संमिश्रण जुने. रोमानियातील एका गुहेत सापडलेल्या सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसात हे तुकडे इतके लांब आढळले की त्याचा निअँडरथल पूर्वज अवघ्या चार ते सहा पिढ्यांमागचा असावा. म्हणजे आपण खापरपणजोबा म्हणतो त्या अंतरावरचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार आजच्या लोकांतील बहुतेक निअँडरथल अंश सुमारे ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात आला. जवळजवळ सात हजार वर्षे! दोन टोळ्यांची एकदाच चुकून गाठ पडली, असे म्हणण्यास आता जागा नाही.

भारताचे काय? येथे निअँडरथल मानवाचा निर्विवाद अवशेष सापडलेला नाही. ज्याचे मुख्यालय कोलकात्यास आहे त्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना डिसेंबर १९८२ मध्ये नर्मदेकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. तो कोणत्या मानवाचा याविषयी मतभेद आहेत. उष्ण हवेत डी.एन.ए. फार काळ टिकत नाही, म्हणून आपल्या देशात या इतिहासाचा मुख्य पुरावा जिवंत माणसांच्या रक्तातच शोधावा लागतो. २०२५ मध्ये प्रिया मूरजानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,७६२ भारतीयांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक व्यक्तीत निअँडरथल व डेनिसोव्हन या प्राचीन मानवांचा अंश १ ते २ टक्केच. पण निरनिराळ्या व्यक्तींकडील तुकडे निरनिराळे असल्यामुळे, ते सर्व जोडले असता निअँडरथल पोथीचा सुमारे निम्मा भाग पुन्हा उभा राहिला. ज्याच्या हाडाचा तुकडाही आपल्या भूमीत मिळाला नाही, त्याचा अर्धा ग्रंथ आपल्या लोकांनी नकळत जपून ठेवला आहे.

आता बंगालकडे वळू, कारण या विषयातील सर्वांत गाजलेली व सर्वांत विपर्यस्त झालेली वार्ता बंगालशी निगडित आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ह्यूगो झेबर्ग व पेबो यांनी दाखवून दिले की तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारे पन्नास हजार अक्षरांचा एक तुकडा ज्यांच्याकडे आहे त्यांस कोविडचा आजार गंभीर होण्याचा संभव अधिक असतो, आणि हा तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत त्याची निदान एक प्रत आहे, दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत, आणि बांगलादेशात ६३ टक्के लोकांत. पूर्व आशियात तो जवळजवळ नाही. ‘बंगाली माणसाच्या अंगात निअँडरथलांचा रोग’ अशा थाटाच्या चर्चेस एवढे निमित्त पुरे झाले.

या चर्चेवर आमचा आक्षेप आहे. पहिली गोष्ट, तोच तुकडा एच.आय.व्ही.चा संसर्ग होण्याचा संभव सुमारे २७ टक्क्यांनी कमी करतो, असे झेबर्ग यांनीच २०२२ मध्ये दाखवले. दुसरे, बाराव्या गुणसूत्रावरील दुसरा एक निअँडरथल तुकडा कोविडपासून काही अंशी संरक्षण देतो, आणि तो आफ्रिकेबाहेर पुष्कळ लोकांत आहे. तिसरे, बनारस हिंदू विश्वविद्यालय व हैदराबादची कोशिकीय एवं आण्विक जीवविज्ञान संस्था येथील संशोधकांनी २०२१ मध्ये दक्षिण आशियातील समूहांत या तुकड्याचे प्रमाण आणि साथीतील लागण व मृत्यू यांचे आकडे ताडून पाहिले. त्यांना स्पष्ट संबंध आढळला नाही. एका व्यक्तीस इस्पितळात नेणारी कारणे पुष्कळ असतात: वय, मधुमेह, गर्दीचे घर, वेळेवर न मिळालेला प्राणवायू. गोदीलगतच्या दाटीच्या वस्तीत साथ पसरली तर तिचे उत्तर आधी खोलीच्या लांबीरुंदीत शोधावे, पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजात नंतर. हा तुकडा बंगालच्या परिसरात एवढा का टिकला, याचा विचार मात्र अवश्य व्हावा. मागे कधी त्याने दुसऱ्या एखाद्या रोगापासून रक्षण केले असेल, हा तर्क शास्त्रज्ञांनी केला आहे. तो तर्कच आहे, हे विसरू नये.

उलट टोकालाही जाऊ नये. संमिश्रण म्हणजे सदैव लाभच, असे निसर्ग सांगत नाही. आपल्या जनुकसंचात असे विस्तीर्ण प्रदेश आहेत जेथे निअँडरथल अंश मुळीच नाही; एक्स गुणसूत्रावर तो फार थोडा आहे. पुष्कळ परके तुकडे पहिल्या काही पिढ्यांतच गाळले गेले, कारण ते नव्या शरीरात नीट बसले नाहीत. जे बसले ते राहिले. त्वचा, केस व रोगप्रतिकार यांच्याशी संबंधित काही तुकडे त्यांत आहेत. यात कोणाची प्रतिष्ठा वाढत नाही वा घटत नाही.

माणसांच्या संमिश्रणाचे शास्त्रीय मोजमाप ज्या देशांत लवकर सुरू झाले त्यांत आपला देश आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. १९२० मध्ये नागपुरास भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे प्राणिसर्वेक्षणाचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस यांस कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्यास सांगितले. खिदिरपूरच्या अनाथशाळेत ज्या समाजाची मुले वाढली, त्याच समाजाची ही मापे. १९२२ मध्ये महालनोबिसांनी दोनशे पुरुषांच्या उंचीवर निबंध प्रसिद्ध केला, १९२५ मध्ये बंगालमधील वंशसंमिश्रणावर भाषण केले, आणि या गणितातूनच १९३६ मध्ये दोन समूहांतील अंतर मोजण्याची त्यांची जगप्रसिद्ध रीत पूर्ण झाली. कंपनीने ज्यांच्याविषयी फक्त मनाई लिहिली, त्यांच्याविषयी महालनोबिसांनी फक्त आकडे लिहिले. हा बदल लहान नव्हे.

दुसरा धागा इरावतीबाई कर्वे यांचा. त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या व ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मनुष्याच्या कवटीच्या असमतोलावर प्रबंध लिहू लागल्या. फिशर हे दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतील रेहोबोथच्या मिश्र समाजावरील आपल्या १९१३ च्या ग्रंथामुळे नावाजलेले होते. वंशावंशांत श्रेष्ठकनिष्ठ भाव असतो, असे ते मानीत. कवटीच्या दोन बाजूंतील फरक वंशानुसार बदलेल आणि तो युरोपीयांच्या बाजूने बोलेल, अशी तेथे अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, हे आपल्या गुरूच्या संस्थेतच लिहून दिले. पुढे १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी सैनिकांच्या मिश्र संततीचे नाझी सरकारने सक्तीने निर्बीजीकरण केले, तेव्हा त्या मुलांची तपासणी करण्यात फिशर यांच्या संस्थेतील तज्ज्ञांचा हात होता. इरावतीबाई तोवर पुण्यास परतून महाराष्ट्रातील जातींची मापे घेत होत्या. १९६८ मध्ये त्यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासह समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. नाव व दर्जा एक असूनही हे गट शरीरदृष्ट्या एकाच कुळातील दिसेनात. आपल्याकडे ‘शुद्ध’ म्हणून जे मिरवले जाते ते पुष्कळदा केवळ समान नाव असते.

येथे एक आक्षेप येईल. निअँडरथल व आधुनिक मानव मिसळले, हे सिद्ध झाल्याने त्यांच्यात प्रेमाचे वा बरोबरीचे नाते होते असे ठरते काय? ठरत नाही. खिदिरपूरचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. तेथे मुले जन्मली, पण मातेस नाव नव्हते आणि मुलांना हक्क नव्हते. डी.एन.ए. वरून संमती वाचता येत नाही. मग वाचता येते ते काय? आमच्या मते एक गोष्ट निश्चित वाचता येते आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. ज्या मुलास कोणी वाढवले नाही त्याचा वारसा उरत नाही. मनुष्याचे मूल निदान दहा-बारा वर्षे दुसऱ्यांच्या अन्नावर जगते. हिमयुगातल्या शिकारी टोळीत प्रत्येक घास मोलाचा होता. तरीही मिश्र मुले टिकली, मोठी झाली, त्यांना जोडीदार मिळाले, त्यांचीही मुले वाढली. हे एकदा नव्हे, अनेक वेळा घडले, म्हणून तर आपल्यात तो अंश आहे. दुसऱ्या बाजूसही तेच घडले. सायबेरियातील निअँडरथलांच्या पोथीत आधुनिक मानवाचे त्याहूनही जुने पाठ आहेत, हे २०१६ मध्ये उघड झाले. म्हणजे निअँडरथलांच्या टोळीतही अशी मुले वाढत होती. त्या टोळ्यांच्या मनात काय होते ते कळण्यास मार्ग नाही, पण त्यांनी मुलास टाकले नाही, एवढे आकडे सांगतात.

म्हणून शाळांना व पुस्तकमंडळांना आमची दोन सूचना आहेत. मनुष्यासंबंधी लिहिताना ‘संकर’ हा शब्द सोडावा व ‘संमिश्रण’ हा साधा शब्द वापरावा. ज्वारीसाठी संकर राहू द्यावा, तेथे त्याने कोणाचे वाईट केलेले नाही. आणि मानवाच्या उत्क्रांतीच्या धड्यात सोटा घेतलेल्या निअँडरथलाचे चित्र काढून त्या जागी सायबेरियातील अल्ताय पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या हाडाच्या एका तुकड्याचे चित्र द्यावे. तो जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा आहे. तो नव्वद हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा होता. तिची आई निअँडरथल होती व बाप डेनिसोव्हन, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बापाच्या पूर्वजांतही दूरवर कोणी निअँडरथल होते. मृत्यूच्या वेळी तिचे वय सुमारे तेरा वर्षांचे होते. या तेरा वर्षांत तिला कोणी भरवले, कोणी पांघरूण दिले आणि ती कोणाच्या टोळीत वाढली, हा प्रश्न मुलांना विचारावा आणि त्यांना त्यावर लिहू द्यावे.